आधी झाकायचे, मग जोडायचे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी 'चार शब्द बोला' म्हणून गळ घातली, तेव्हा मी म्हटले, 'लोणच्यापापडावर बोलते.' त्या म्हणाल्या, 'ते सगळ्यांना येते. तुम्ही वेल्डिंगवर बोला.' तेव्हा आता ऐकून घ्या!

इथे कोल्हापुरात आमच्या घराखाली भाऊजींचे वेल्डिंगचे दुकान आहे, हे आपण जाणताच. २०२० च्या टाळेबंदीत दोन्ही कारागीर गावी गेले. दुकान पुन्हा उघडले, तेव्हा जॉब धरायलाही माणूस नव्हता. मी पदर खोचून खाली उतरले.

भाऊजींनी बजावले होते, 'वहिनी, मान वळवा.' पण मला मोह आवरला नाही. काचेशिवाय चार-पाच वेळा मी त्या निळसर उजेडाकडे पाहिले. तेव्हा काहीच झाले नाही. रात्री मात्र डोळ्यांत कुणी मूठभर वाळू टाकावी तसे झाले. पाणी थांबेना, दिवा सोसेना. डॉक्टर म्हणाले, अतिनील किरणांनी बुबुळावरचा पडदा पोळला आहे. दोन दिवसांनी डोळे निवळले आणि माझी शिकवणी सुरू झाली.

भाऊजींचा पहिला धडा होता, 'आधी झाकायला शिका, मग जोडायला.' तोंडावर दहा-अकरा नंबरच्या काळ्या काचेचा मुखवटा, हातांत चामडी मोजे, पायांत बूट, अंगावर जाड सुती कपडे. नायलॉनवर ठिणगी पडली की ते वितळून कातडीलाच चिकटते. ओल्या हाताने होल्डर धरायचा नाही. पदर, बांगड्या, गळ्यातले काहीही ठेवायचे नाही.

इथे मात्र घरात वादळ उठले. मंगळसूत्र काढायचे म्हटल्यावर सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मग एका सकाळी ग्राइंडरमध्ये भाऊजींचा रुमाल गुंडाळला गेलेला त्यांनी स्वतः पाहिला. बोट थोडक्यात वाचले. दुसऱ्या दिवशी त्यांनीच देव्हाऱ्यातली कुंकवाची डबी पुढे केली आणि म्हणाल्या, 'यात ठेव. संध्याकाळी मी देईन.' आजही तोच रिवाज आहे.

प्रत्यक्ष काम म्हणाल तर काडी ओढावी तसा रॉड पत्र्यावर ओढायचा आणि लगेच किंचित उचलायचा. रॉडच्या जाडीएवढेच अंतर ठेवायचे. ३.१५ मिलिमीटरच्या रॉडला साधारण शंभर अँपिअर करंट लागतो. माझे पहिले दहा रॉड चिकटले! पुढे कान तयार झाला. कढईत भजी तळताना येतो तसा एकसारखा चरचराट आला, की समजावे हात बरा चालला आहे. वरचा मळ हातोडीने उडवतानाही डोळ्यांवर चष्मा हवाच.

शेजारणींना दोन विनंत्या. दुकानाच्या दाराशी मुले उजेड बघत उभी राहतात. आम्ही आता पडदा लावला आहे, तरी त्यांना हाक मारून घरी न्या. दुसरे, तेलाचे किंवा रॉकेलचे रिकामे पिंप 'जरा डाग द्या' म्हणून आणू नका. आतली वाफ पेट घेऊन पिंप फुटते. मी नाही म्हटले तर राग मानू नये. आणि कुणाच्या घरी वेल्डिंग होणार असेल, तर दहा मीटरच्या आतले पडदे, गाद्या, कागद आधी हलवा, आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा. ठिणगी कुठे दडून बसेल याचा नेम नसतो.

या सभागृहाच्या डावीकडच्या खिडकीचे गज मी जोडले आहेत. रेघ थोडी वाकडी आहे. पण हलवून बघा, हलायचे नाहीत. आपल्यापैकी कुणाला शिकायचे असेल तर जरूर यावे. शिकवणीची फी नाही. अट एकच आहे, पहिला आठवडाभर फक्त झाकायला शिकायचे.