टर्बोचा दाब आणि कंपनीची ठिणगी



पुणे जिल्ह्यातल्या चाकणला तयार झालेली पोलो जीटी टीएसआय 2013 साली बाजारात आली. 2017 मध्ये रांजणगावहून टाटा नेक्सॉन आली. त्यानंतर पेट्रोलवर चालणारी टर्बो गाडी आपल्याकडे नवलाईची राहिली नाही, आणि तिच्या पाठोपाठ रिमॅपही आलं. इंजिनाच्या संगणकातला नकाशा बदलायचा, टर्बोचा दाब थोडा वाढवायचा आणि गाडीचा पिकअप वाढवून घ्यायचा. हे करणारी मंडळी हमखास एक प्रश्न विचारतात : दाब वाढवला तर कंपनीने दिलेली ठिणगीची कॉइल आणि प्लग टिकतील का? की सगळी इग्निशन यंत्रणा बदलावी लागेल?

माझं उत्तर आधीच सांगतो. मुळातच टर्बो असलेल्या गाडीत दाब माफक वाढवला, तर कंपनीची कॉइल बहुतेक वेळा पुरते. प्लगची मात्र तीच खात्री देता येत नाही. आणि लोक नेमकं उलट करतात. महागड्या कॉइल विकत आणतात आणि जुनेच प्लग पुन्हा बसवतात.

डिझेल गाडी चालवणाऱ्यांसाठी एक खुलासा. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. दाबाने तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेटतं. त्यामुळे डिझेलचं रिमॅप केलं आणि काही अडचण आली नाही, हा अनुभव इथे कामाचा नाही.

आता ठिणगीकडे येऊ. प्लगच्या टोकाला दोन धातूंमध्ये बारीकशी फट असते. ठिणगीला त्या फटीतली हवा भेदून पलीकडे जायचं असतं. फ्रिडरिश पाशेन या जर्मन शास्त्रज्ञाने 1889 मध्ये दाखवून दिलं, की वायू भेदायला किती व्होल्ट लागतील हे वायूचा दाब आणि फटीची रुंदी यांच्या गुणाकारावर ठरतं. इंजिनात जो दाब असतो, त्या टप्प्यात हे गणित जवळपास सरळ आहे. दाब वाढला की व्होल्ट त्याच प्रमाणात वाढतात, फट कमी केली की त्याच प्रमाणात घटतात. तापमानाचाही थोडा परिणाम असतो, पण आपल्या कामापुरता हा गुणाकार लक्षात ठेवला तरी पुष्कळ झालं.

एक उदाहरण घेऊ. समजा तुमची गाडी 1 बार बूस्टवर, म्हणजे टर्बोच्या वाढीव दाबावर, चालते आणि रिमॅपनंतर ती 1.3 बारवर जाते. ऐकणाऱ्याला वाटतं, बाप रे, तीस टक्के वाढ! पण बूस्टचा काटा बाहेरच्या हवेच्या दाबापासून वर मोजतो. बाहेरच्या हवेचा स्वतःचा साधारण 1 बार दाब असतो, तो यात धरावाच लागतो. म्हणजे इंजिनाच्या दृष्टीने दाब 2 वरून 2.3 वर गेला. वाढ झाली पंधरा टक्क्यांची. आता प्लगची फट 0.8 मिलिमीटरवरून 0.7 केली, तर साडेबारा टक्के कपात झाली. गुणाकार करून पाहा, कॉइलवरचा भार जवळपास होता तिथेच राहतो.

याच हिशेबाची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे. प्लग वापरात झिजतो. प्रत्येक ठिणगी धातूचा सूक्ष्म कण घेऊन जाते. 0.8 ची फट झिजत झिजत 1 मिलिमीटर झाली, तर लागणारे व्होल्ट पंचवीस टक्क्यांनी वाढले. रिमॅपने जेवढा भार वाढवला, त्याहून जास्त भार जुन्या प्लगने वाढवला. म्हणून मी म्हणतो, दाब वाढवण्यापूर्वी प्लग नवे घ्या आणि फीलर गेजने फट स्वतः मोजा, किंवा मेकॅनिकला समोर मोजायला सांगा. खोक्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. इरिडियम प्लग असेल तर मधल्या बारीक टोकाला गेज किंवा पक्कड अजिबात टेकवू नका. ते टोक ठिसूळ असतं. वाकवायची ती फक्त वरची वळलेली पट्टी.

फट कमी करण्याला मर्यादा आहे. टर्बोसाठी साधारण 0.6 ते 0.7 मिलिमीटर ठीक. त्याहून फार खाली गेलात, तर ठिणगी पडते, पण तिच्याभोवती ज्योतीला धरायला जागा उरत नाही. मग गाडी उभी असताना इंजिन थरथरतं, सुरुवातीच्या वेगाला अडखळतं.

कॉइलचा विचार करताना वेळेचं गणित लक्षात घ्यावं लागतं. कॉइलमध्ये आधी ऊर्जा साठवावी लागते, त्याला काही मिलिसेकंद लागतात. जुन्या गाड्यांत चारही सिलिंडरना मिळून एकच कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर असायचा. इंजिन मिनिटाला 6000 फेऱ्या घेत असलं, की त्या एकट्या कॉइलला सेकंदाला 200 ठिणग्या द्याव्या लागत. दोन ठिणग्यांमध्ये फक्त 5 मिलिसेकंद मिळत. तिथे वेगाबरोबर ठिणगी खरोखरच अशक्त व्हायची, आणि मोठ्या इग्निशन किटची ख्याती त्याच काळातली आहे. आजच्या बहुतेक गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते. तिला त्याच वेगाला 20 मिलिसेकंद मिळतात. भरायला भरपूर वेळ आहे. शिवाय कंपनीने ती झिजलेला प्लग, थंड सकाळ, अर्धवट उतरलेली बॅटरी हे सगळं धरून बनवलेली असते. त्या शिलकीतूनच तुमचा वाढीव बूस्ट भागतो.

काही ट्यूनर कॉइल भरण्याचा वेळ संगणकातून आणखी वाढवतात. मला हे पटत नाही. एका मर्यादेनंतर कॉइल अधिक ऊर्जा साठवत नाही, फक्त तापते, आणि आतलं इन्सुलेशन हळूहळू जळतं.

मग कॉइल चांगली असूनही मिसफायर, म्हणजे ठिणगी चुकणं, का होतं? पाण्याच्या नळीत दाब वाढवला की सगळ्यात कच्च्या सांध्यातून गळती सुरू होते, तसंच इथे होतं. फट भेदायला जड जाऊ लागली, की वीज दुसरी वाट शोधते. कॉइलच्या टोकाचं रबरी बूट तडकलेलं असेल, प्लगच्या चिनी मातीवर तेल किंवा ओल असेल, तर ठिणगी सिलिंडरच्या बाहेरूनच इंजिनाच्या धातूत उतरते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे फार दिसतं. प्लग काढल्यावर त्याच्या पांढऱ्या भागावर पेन्सिलने ओढल्यासारखी काळी रेघ दिसली, तर समजा की वीज तिथून पळते आहे. मग बूट आणि प्लग दोन्ही बदला. नुसतं पुसून भागत नाही.

प्लग निवडताना त्याचा ताप झेलण्याचा दर्जाही पाहावा लागतो. वाढीव दाबात प्लगचं टोक जास्त तापतं आणि लालबुंद टोक ठिणगीची वाट न पाहता मिश्रण पेटवू शकतं. म्हणून एक पायरी थंड प्लग घेतात. इथे आकड्यांचा घोळ होतो. एनजीकेच्या प्लगवर आकडा मोठा तर प्लग थंड, बॉशच्या प्लगवर आकडा मोठा तर प्लग गरम. दुकानात मागताना हे विसरू नका. आणि रेझिस्टर असलेलाच प्लग घ्या, नाहीतर गाडीतल्या मिडियम वेव्हवर माझ्याऐवजी खरखर ऐकू येईल, आणि ती खरखर इंजिनाच्या संगणकालाही त्रास देते.

आता ज्या एका गोष्टीची मला मनापासून काळजी वाटते, ती सांगतो. मिसफायर आणि नॉकिंग यांत गल्लत करू नका. मिसफायरमध्ये गाडी मिसिंग मारते, झटके देते, जोर तुटतो. नॉकिंगमध्ये ठिणगी नीट पडलेली असते, पण उरलेलं मिश्रण दाबाने आपोआप फुटतं आणि खडखड आवाज येतो. त्यावर जोरदार कॉइल हा उपाय नाही. तिथे चांगल्या ऑक्टेनचं पेट्रोल, कमी बूस्ट, थंड हवा आणि योग्य वेळेची ठिणगी लागते. नॉकिंगकडे दुर्लक्ष केलं तर पिस्टन फुटतो, आणि त्या खर्चापुढे चार कॉइलची किंमत काहीच नाही.

या दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्याही आहेत. नॉकिंग टाळायला संगणक ठिणगी उशिरा देतो. तोपर्यंत पिस्टन आणखी वर आलेला असतो, आतला दाब वाढलेला असतो, म्हणजे ठिणगीला जास्त व्होल्ट लागतात. हलकं पेट्रोल भरलेली रिमॅप गाडी घाटात मिसिंग मारू लागते, त्यामागे पुष्कळदा हे कारण असतं.

कंपनीची यंत्रणा खरोखर कमी पडते ती वेगळ्या ठिकाणी. मुळात टर्बो नसलेल्या इंजिनाला टर्बो जोडला, तर दाब 1 वरून थेट 2 बारपर्यंत जाऊ शकतो. तिथे प्लगची फट अनेकदा 1.1 मिलिमीटर असते, आणि आधी सांगितलेली शिल्लक पुरत नाही. मोठा टर्बो बसवून दाब दुपटीजवळ नेणाऱ्यांचंही तेच. त्यांनी कॉइल जरूर बदलाव्यात. पण त्याआधी आरटीओची परवानगी, वॉरंटी आणि विमा यांची चौकशी करावी, कारण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालत नाही.

बदल केल्यावर चाचणी रस्त्यावर करू नका, डायनोवर, म्हणजे गाडी जागेवरच पळवून जोर मोजणाऱ्या यंत्रावर, करा. सगळ्यात जास्त व्होल्ट लागतात ते मधल्या वेगाला, पूर्ण थ्रॉटलवर, टर्बो भरात असताना. तिथे जोर सलग चढला तर यंत्रणा पुरते आहे. झटका आला तर स्कॅनर लावून पी0301 ते पी0304 यांपैकी कोणता कोड आला ते पाहा. शेवटचा अंक सिलिंडरचा असतो. त्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर बसवा. दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल खराब, जागेवरच राहिला तर प्लग किंवा इंजेक्टर तपासा. आणि चालत्या गाडीत चेक इंजिनचा दिवा उघडझाप करू लागला, तर लगेच ॲक्सिलरेटरवरचा पाय काढा. न जळलेलं पेट्रोल धुराड्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटतं आहे आणि तो वितळायला वेळ लागत नाही.