आईच्या डब्यातल्या दुखण्याच्या गोळ्या

कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या माझ्या दवाखान्यात एक प्रश्न नेहमी दाराशी विचारला जातो. तपासणी झालेली असते, आई कठडा धरून पायऱ्या उतरत असते, आणि मागे थांबलेला मुलगा किंवा लेक आवाज खाली आणून विचारते, "डॉक्टर, आई रोज दुखण्याची गोळी घेते. कित्येक वर्षं झाली. तिला व्यसन लागलं असेल का?" आईच्या जागी कधी आबा असतात, कधी सासूबाई. हा प्रश्न मनात घेऊन जगणाऱ्यांशी आज मला बोलायचं आहे.

घरात या काळजीची बहुधा दोन टोकं होतात. मोठ्या माणसाला कसं बोलायचं म्हणून मुलं गप्प बसतात, नाहीतर एके दिवशी संतापून सगळी पाकिटं उचलून फेकून देतात. दोन्हींनी नुकसान होतं. फेकून देण्यानं तर एखाद्या वेळी जिवावर बेततं. त्याआधी करायचं काम साधं आहे. ती गोळी नेमकी कुठली, हे बघायचं.

पण आधी दुखण्याबद्दल. आपल्या पेठेतली जुनी घरं आठवा. अरुंद, उभे जिने, खाली बसून थापलेल्या भाकरी, उकिडवं बसून धुतलेली धुणी. चाळीस वर्षं हे केलेल्या बाईचे गुडघे झिजले तर नवल नाही. शाहू महाराजांनी उभारलेल्या खासबाग मैदानाच्या आजूबाजूला तर असे कितीतरी वयस्कर पुरुष आहेत, ज्यांनी तरुणपण तालमीच्या मातीत घातलं. त्यांना 'दुखतंय' म्हणणंच कमीपणाचं वाटतं. ते मुलाला सांगत नाहीत, गल्लीतल्या मेडिकलमधून गुपचूप पाकीट आणतात. "गोळी घेतल्याशिवाय उठवत न्हाई बघ," असं आई म्हणते तेव्हा तो बहाणा नसतो. ते मान्य करून बोलायला लागलात, तरच ती पुढचं ऐकून घेईल.

आता गोळीकडे. दुखण्यावरची सगळी औषधं एका जातीची नसतात. आपल्याकडे सर्वांत जास्त खपतात त्या डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, निमेसुलाइड, इटोरिकॉक्सिब या सूज उतरवणाऱ्या गोळ्या. यांचं व्यसन लागत नाही. आई ती रोज घेते, कारण दुखणं रोज परत येतं. म्हणून 'व्यसन लागलं का' हा तुमचा प्रश्न इथं चुकीच्या जागी लागतो. काळजी करायची ती जठराची, मूत्रपिंडांची, रक्तदाबाची आणि हृदयाची. आणि यातलं मूत्रपिंडाचं नुकसान फार पुढे जाईपर्यंत दुखत नाही, की दिसत नाही.

ते होतं कसं, हे सांगते, कारण पेठेतल्या निम्म्या घरांत दुखण्याची आणि रक्तदाबाची गोळी ही जुळणी डब्यात पडलेली असेल. मूत्रपिंडात रक्त गाळलं जायला आत एक ठरावीक दाब लागतो. वयस्कर माणसात तो दाब टिकवण्यासाठी शरीर आत येणारी रक्तवाहिनी मुद्दाम रुंद ठेवतं. दुखण्याची गोळी ही सोयच काढून घेते. त्यात आईला रक्तदाबासाठी टेल्मीसार्टन किंवा रामिप्रिल चालू असेल, तर ते बाहेर जाणारी रक्तवाहिनी सैल करतं. टेल्मीसार्टनच्या नावापुढे 'एच' असेल, तर त्यात लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइडही असतं, ते अंगातलं पाणी कमी करतं. शेताला पाट काढलेला शेतकरी हे लगेच ओळखेल: वरून पाणी कमी, आतलं दार अर्धं लावलेलं आणि बाहेरचं दार सताड उघडं, मग वाफ्यात पाणी उभं राहणार कुठून? रक्तदाबाची गोळी स्वतः चांगली आहे, ती थांबवू नका. तिच्या जोडीला रोज दुखण्याची गोळी नको. उन्हाळ्यात जुलाब-उलट्या लागल्या असतील, तर त्या दिवशी दुखण्याची गोळी अजिबात देऊ नका आणि रक्तदाबाच्या गोळीचं काय करायचं ते डॉक्टरांना फोन करून विचारा. एरवी धडधाकट असणाऱ्या बाईची मूत्रपिंडं अशा दोन-तीन दिवसांत बंद पडू शकतात.

आपल्या आकाशातली गिधाडं जवळजवळ नाहीशी झाली ती याच डायक्लोफेनॅकमुळे. जनावरांना ते दिलं जाई, मेलेलं जनावर गिधाडं खात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरत. २००४ साली हे कारण सिद्ध झालं आणि २००६ मध्ये भारतात जनावरांसाठी त्याच्या वापरावर बंदी आली. माणसाचं शरीर ते औषध गिधाडापेक्षा खूप लवकर बाहेर टाकतं, त्यामुळे कुणी घाबरून जाऊ नये. पण औषध कुठल्या अवयवावर घाव घालतं, ते यावरून कळतं.

एक समजूत मला रोज भेटते: "सोबत अॅसिडिटीची गोळी घेतेय ना, मग काय होतंय?" पॅन्टोप्राझोल जठराला पुष्कळ सांभाळतं हे खरं. मूत्रपिंडांना आणि हृदयाला त्याचा काहीही आधार नाही.

दुसरी जात ट्रामाडॉल आणि टॅपेन्टाडॉलची. ही अफूच्या वर्गातली औषधं. इथं मात्र व्यसनाची काळजी खरी आहे. ट्रामाडॉल २०१८ साली अमली पदार्थांच्या कायद्याखाली आलं. चिठ्ठीशिवाय ते देता येत नाही, आणि दुकानदाराला त्याची वेगळी नोंद ठेवावी लागते. शस्त्रक्रियेनंतर किंवा कर्करोगाच्या वेदनेत या गोळ्यांचा मोठा आधार असतो, त्यांची भीती घालून त्या माणसाला तळमळत ठेवणं क्रूरपणा आहे. पण पाठदुखीसाठी दहा दिवसांपुरती लिहिलेली गोळी दोन वर्षं चालू राहिली असेल, तर शरीराला ती लागू लागते. अशी गोळी एकाएकी बंद केली, की घाम, अंगावर काटा, नाक गळणं, जुलाब, रात्रभर तगमग सुरू होते. घरचे म्हणतात, बघा, किती व्यसनी झाली. ती त्रासात असते. ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली थोडी थोडी कमी करत, आठवड्यांच्या हिशेबानं उतरवायची. सोबत झोपेची गोळी, म्हणजे अल्प्राझोलमसारखं काही चालू असेल, तर श्वास मंदावण्याचा धोका असतो, म्हणून तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा.

तिसरा प्रकार सर्वांत अवघड, कारण त्याला नावच नसतं. कागदाच्या पुडीत बांधून मिळणाऱ्या सुट्या गोळ्या, किंवा 'जडीबुटीची' म्हणून मिळणारी सांधेदुखीची पूड. चार दिवसांत गुडघा जादूसारखा मोकळा झाला, चेहरा गोल दिसू लागला, साखर वाढली, जरा लागलं तरी काळंनिळं होतंय, तर त्यात स्टिरॉइड असण्याची शंका घ्या. हेही एका दिवसात बंद करायचं नाही. पुडी तशीच घेऊन डॉक्टरांकडे जा.

मग घरी काय करायचं? एखाद्या निवांत दुपारी आईजवळ बसा आणि म्हणा, "आई, तुझी सगळी औषधं एकदा लिहून काढूया, डॉक्टरांनी मागितलीत." उशाखालची, देवघराच्या फळीवरची, शेजारणीनं दिलेली, सगळी. पाकिटावरचं मोठं नाव सोडा, खालच्या बारीक अक्षरांतलं औषधाचं नाव वाचा. दोन डॉक्टरांनी दोन वेगळ्या नावांनी एकच अॅसिक्लोफेनॅक लिहिलेलं मला कितीदा सापडलंय. पुण्या-मुंबईहून ऑनलाइन गोळ्या मागवून देणाऱ्या मुलांना तर मी हात जोडून सांगते, मागवण्याआधी हे बारीक नाव बघा. ही यादी आणि पाकिटं एकाच डॉक्टरांपुढे ठेवा. परवडत नसेल तर आपलं सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे. रक्तदाब बघा, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन आणि लघवीतल्या प्रथिनांची तपासणी करा. वयस्कर, किरकोळ अंगाच्या बाईचं क्रिएटिनिन कागदावर ठीक दिसतं आणि मूत्रपिंडाचं काम मात्र निम्म्यावर आलेलं असतं, म्हणून वय धरून काढलेला 'ईजीएफआर' हा आकडाही मागा.

गोळी कमी करायची तर तिच्या जागी काहीतरी द्यायला हवं. गुडघ्यावर चोळायच्या डायक्लोफेनॅकच्या जेलचा चांगला उपयोग होतो, आणि रक्तात त्याचा फार थोडा अंश जातो. पॅरासिटामॉल गुडघ्याला जेमतेमच आराम देतं. वयस्कर माणसाला ते दिवसाकाठी तीन ग्रॅमच्या वर नको, बारीक अंगाच्या किंवा दारू घेणाऱ्याला त्याहून कमी. सर्दीच्या आणि जोडगोळ्यांमधलंही त्यात मोजा. खरा फरक पडतो मांडीचे स्नायू बळकट करण्यानं. खुर्चीत बसून पाय सरळ करून धरायचा, रोज, दोन्ही पायांनी, फिजिओथेरपिस्टकडून एकदा शिकून. वजन एक किलो उतरलं, की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी हलका होतो. उकिडवं बसणं टळेल अशी संडासाची सोय करा, ओट्याजवळ उंच स्टूल ठेवा, जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा लावून घ्या. या खर्चाला घरातल्या कुणी नाही म्हणू नये.

आबांशी बोलताना वेगळी तऱ्हा लागते. मुलाचं ते ऐकत नाहीत, पण तालमीतला जुना जोडीदार किंवा नेहमीचा मेडिकलवाला बोलला तर ऐकतात. त्यांना मध्ये घ्या. ट्रामाडॉलसारख्या गोळीचा प्रश्न घरात सुटत नसेल, तर व्यसनमुक्तीसाठी केंद्र सरकारची १४४४६ ही मदतवाहिनी आहे.

आणि काही लक्षणांत थांबायचं नाही. डांबरासारखं काळं शौच, रक्ताची उलटी, लघवी एकदम कमी होणं, पायांवर सूज येऊन धाप लागणं, गुंगीत बोलणं अडखळणं. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालयात न्या आणि गोळ्यांची पाकिटं सोबत घ्या. काळ्या शौचाबद्दल आई आपणहून सांगणार नाही, तिला लाज वाटते. ते तुम्हालाच तिला विचारावं लागेल.