पुस्तक घरचं, छपाई प्रेसमधली

(स्वतःचं पुस्तक स्वतः काढू पाहणाऱ्यांच्या एका छोट्या कार्यशाळेत केलेल्या बोलण्याचं शब्दांकन)



मी प्रकाशक नाही आणि डिझायनरही नाही. मी माध्यमिक शाळेत शिकवते. अम्मीच्या आठवणींचं एक 160 पानी पुस्तक आम्ही घरी तयार केलं आणि 300 प्रती छापून घेतल्या, एवढाच माझा अधिकार. त्यामुळे मी काय चुकलं तेच जास्त सांगणार आहे.

अम्मी बोलली दखनीत, मी लिहिलं मराठीत. पण तिची अट होती की तिच्या मोठ्या बहिणीला, हैदराबादच्या खालांना, ते वाचता आलं पाहिजे. खाला फक्त उर्दू वाचतात. वय 81, नजर अधू. डिसेंबरात घरात लग्न होतं आणि खाला येणार होत्या. म्हणजे पहिलं अक्षर टाइप करण्याआधी दोन गोष्टी ठरल्या होत्या: पुस्तक दोन भाषांत हवं, आणि लग्नाआधी हातात हवं.

म्हणून कामाचा आराखडा मी शेवटाकडून सुरुवातीकडे मांडला. लग्नाची तारीख, त्याआधी बाइंडिंग, त्याआधी छपाई, प्रूफं, मांडणी, अनुवाद. कागदावर सगळं सुरेख बसलं. फक्त नोव्हेंबर-डिसेंबरात प्रेस दिनदर्शिका आणि डायऱ्यांनी भरलेले असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या प्रेसने तारीख तीन आठवडे अलीकडे ओढली. तुम्ही आधी प्रेसमध्ये जा, मग घरी येऊन वेळापत्रक करा.

प्रेसमध्ये गेलात की आकार आणि कागद ठरवूनच बाहेर पडा. आम्ही डेमी एक-अष्टमांश घेतला, साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच. आत 70 जीएसएमचा मॅपलिथो. या आकारात सोळा पानांचा एक फॉर्म होतो, म्हणून पानांची संख्या सोळाच्या पटीत बसली तर कागद वाया जात नाही. मराठी मजकूर 99 पानांवर गेला होता. तीन पानांसाठी नवा फॉर्म कोण घेणार? माझा हात आधी ओळींमधलं अंतर कमी करण्याकडे गेला. ते करू नका, वाचणाऱ्याचा जीव गुदमरतो. मी चार फोटो काढले. तसेही ते व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले होते, छपाईत धुरकटच आले असते. मराठीची 96 पानं झाली, म्हणजे सहा फॉर्म. उर्दूची 64, म्हणजे चार. उर्दूचा टाइप किती मोठा ठेवायचा हे मी ठरवलं नाही. एकच पान तीन आकारांत छापून खालांना टपालाने पाठवलं. त्यांनी सर्वांत मोठा निवडला. पडद्यावर बघून मी मधला निवडला असता.

आता फॉन्ट. मी युनिकोडमध्ये टाइप केलं होतं, मांडणी करणाऱ्यांकडे जुना फॉन्ट. मजकूर बदलून घेतला आणि प्रत्येक 'ऱ्या'चा 'र्या' झाला. आमचे नाना लग्नात जेवण करणारे आचारी. प्रूफात वाक्य आलं, 'गावात आचार्यांना मान होता'. नाना एका रात्रीत आचार्य! हसून झालं, पण 'दुसऱ्या' हा शब्द जवळजवळ प्रत्येक पानावर होता. मांडणी युनिकोडमध्येच होईल का, हे पहिल्या भेटीत विचारा.

पुस्तक डावीकडून उघडलं की मराठी, उजवीकडून उघडलं की उर्दू, दोन्ही मधोमध भेटतात. कुठलंही पान उलटं छापावं लागत नाही. मात्र प्रेसला द्यायच्या फाइलमध्ये मराठीच्या 96व्या पानानंतर उर्दूचं शेवटचं पान यावं लागतं आणि उर्दूचं पहिलं पान सर्वांत शेवटी. आमच्या फाइलमध्ये उर्दू सरळ क्रमाने जोडलं गेलं होतं. पडद्यावर पाच जणांनी पाहिलं, कुणालाच खटकलं नाही. मी साधे कागद दुमडून, पेन्सिलने आकडे टाकून डमी केला, तेव्हा उर्दूच्या बाजूने पहिल्याच पानावर अम्मीचा निरोप आला! तो डमी मी आणलाय, फिरवा. कोपरे दुमडलेत, चालेल.

सर्वांत अवघड भाग तांत्रिक नव्हता. छपाईला तीन दिवस उरले असताना भाईजाननी प्रथमच प्रूफ वाचलं. चौथीनंतर अम्मीची शाळा सुटली आणि त्याच वर्षी मामूंना शहरात शिकायला पाठवलं, असे दोन परिच्छेद होते. 'मामूंची मुलं काय म्हणतील? हे काढ,' भाईजान म्हणाले. काढलं असतं तर दोन्ही भाषांतली पानं सरकली असती, नव्या प्लेट लागल्या असत्या. पण मी पैशाचं कारण पुढे केलं नाही, तो पळपुटेपणा झाला असता. मी अम्मीला ते परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवले. ती म्हणाली, "बोली सो बोली. रहने दे." भाईजान दोन दिवस बोलले नाहीत.

चूक माझी होती. ज्यांचा त्या मजकुराशी संबंध आहे त्यांनी तो मांडणीआधी वाचायला हवा. त्यांचं बोलणं ऐकायचं, निर्णय घ्यायचा आणि मग मजकूर बंद. अनुवादही त्यानंतरच सुरू करायचा. मी घाईने अर्ध्या कच्च्या मजकुरावर अनुवाद सुरू केला होता, त्यामुळे प्रत्येक दुरुस्ती दोनदा करावी लागली.

बाकीचं पटकन सांगते. आयएसबीएनला शुल्क नाही, पण अर्ज वेळेत करा. 1954च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि मुंबई, चेन्नई, दिल्लीच्या ग्रंथालयांना एकेक प्रत पाठवायची असते, त्या प्रती मोजणीत धरा. कव्हरच्या कण्याची जाडी अंदाजाने घेऊ नका, त्याच कागदाचा कोरा डमी प्रेसकडून मागा.

पुस्तक लग्नाच्या चार दिवस आधी आलं. खाला प्रत घेऊन हैदराबादला गेल्या. आठवड्याने त्यांचा फोन आला तेव्हा त्या उर्दूच्या 31व्या पानावर होत्या आणि अम्मीशी भांडत होत्या: ती बकरी आपली नव्हतीच, शेजाऱ्यांची होती.