आजीबाईंच्या शाळेचं कौतुक पुरे

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगडं, खांद्याला दप्तर, मांडीवर पाटी आणि साठी-सत्तरी ओलांडलेला हात अक्षर गिरवतोय, हे चित्र जगभर गेलं. त्या आजींना आणि त्यांच्या शिक्षकांना माझा नमस्कार. पण ते पाहून आपण नुसते सुखावलो, हे मला मान्य नाही. चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाला दहा वर्षांत मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्यासाठी राज्यानं झटावं, असं संविधानाच्या 45व्या कलमानं 1950 साली बजावलं होतं. मुदत 1960 साली संपली. फांगण्याच्या शाळेत पासष्टाव्या वर्षी आलेली आजी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिची शाळा राष्ट्रानं बुडवली.

आणि आजही बुडवतंय. दिवाळी सरली की शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांतली कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. घेतलेली उचल फेडायला नवरा-बायको मिळून विटा पाडतात. थोरली मुलगी भोंग्यात, म्हणजे भट्टीवरच्या झोपडीत, धाकट्याला सांभाळते, सुकत्या विटा उलटून ठेवते. पावसाच्या तोंडावर ती परतते तेव्हा शाळेचं वर्ष सरलेलं असतं. कुणी म्हणेल, आईबापांनाच शिक्षणाची किंमत नाही. ज्याची कमाई हंगामाआधीच उचलीत गेली, त्यानं लेकरू कुणाच्या भरवशावर मागं ठेवावं? त्यासाठी हंगामी वसतिगृहाची योजना आहे, पण ती दिवाळीआधी वाडीत उभी राहिली तरच कामाची. दुसरा आक्षेप पैशाचा: पट कमी, मग शाळा चालवायची कशाला? पण मुलं भट्टीवर गेल्यामुळे रिकामा झालेला वर्ग दाखवून तीच शाळा बंद करणं हा त्या मुलांवर दुसरा अन्याय आहे. ओढा ओलांडून पुढच्या गावच्या शाळेत पहिलीतलं पोर पावसाळ्यात जाणार नाही, हे पाड्यावरच्या कुणालाही विचारा.

ऐपत नाही, हे तर मी ऐकूनच घेणार नाही. शहापूर तालुक्यातल्या तानसाचं पाणी 1892 साली मुंबईला पोहोचलं. पुढं भातसाचंही गेलं. इथलं पाणी शहरापर्यंत नेणाऱ्या राज्याला एक शिक्षक भट्टीपर्यंत पाठवता येत नाही? रयतेच्या घामातून महसूल गोळा होतो आणि शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना मिळतो, ही तक्रार जोतीराव फुल्यांनी 1882 सालीच हंटर आयोगापुढं मांडली होती. 1966च्या कोठारी आयोगाच्या अहवालाचं नावच मुळी 'शिक्षण आणि राष्ट्रीय विकास'. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाचे 6 टक्के खर्च करा, असं त्यानं सांगितलं. 2020च्या शैक्षणिक धोरणात 6 टक्के हाच आकडा पुन्हा लिहावा लागला, कारण तो आजवर गाठलाच गेला नाही. आज भोंग्यात बसलेली मुलगी अक्षराविना वाढली, तर तिच्यासाठीही पन्नास वर्षांनी आजीबाईंची शाळा काढायची काय?

म्हणून या व्यासपीठावरून नुसते कौतुकाचे ठराव करून उठू नका. प्रत्येक ग्रामसभेनं दिवाळीआधी स्थलांतर करणाऱ्या घरांतल्या मुलांची नावनिशीवार यादी करावी, राहतील त्यांच्यासाठी वाडीतच वसतिगृह आणि जातील त्यांच्यासाठी भट्टीवर शिक्षक लेखी मागावा, एकही पाड्याची शाळा बंद होऊ देऊ नये. हा ठराव मी मांडतो आहे. त्याला अनुमोदन द्या.