दोनदा शिवण, एकदा मजुरी

(अमरावती आणि अकोला भागातील बचत गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



गोधडी कशी शिवायची ते मी तुम्हाला शिकवणार नाही, ते तुम्हालाच जास्त कळते. मला बोलायचे आहे ते व्यापारी सांगतात त्या नव्या पद्धतीविषयी आणि तिच्या मजुरीविषयी.

आपली जुनी रीत अशी : ओसरीवर अस्तर अंथरायचे, त्यावर धुतलेल्या लुगड्या-धोतरांचे थर, त्यावर ठिगळे, आणि कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचे. सगळे थर एकाच टाक्यात धरले जातात. याला जागा लागते, दोन-चार जणी लागतात. शेजारणी सुई घेऊन बसतात आणि कुणाच्या घरी काय चालले आहे ते आपोआप बाहेर येते. मारहाणीच्या जितक्या गोष्टी मला गोधडीभोवती बसून कळल्या, तितक्या सर्वेक्षणाचे फॉर्म भरून कळल्या नाहीत.

नव्या पद्धतीत हातभर चौकोन घ्यायचा, ठिगळे थेट मधल्या भरावर ठेवून शिवायची, मग चौकोन जोडायचे आणि अस्तर सगळ्यात शेवटी. काम मांडीवर मावते. भाजी शिजेपर्यंत दोन ओळी होतात. दोन खोल्यांच्या घरात राहणाऱ्या बाईला ही मोठीच सोय आहे, आणि मी या पद्धतीच्या विरोधात मुळीच नाही.

पण तिचे काम नीट पाहा. आपला मुलूख कापसाचा, म्हणून व्यापारी पिंजलेली रुई देऊन मोकळा होतो. नुसत्या रुईवर टाका धरत नाही. दोऱ्याबरोबर ती ओढली जाते, गोळे होतात. खाली मांजरपाट किंवा जुने मऊ धोतर लावावेच लागते. ते कापड कोण देते? बहुतेक ठिकाणी बाईच घरातून काढते. शेवटी अस्तर लावले की तेही जागच्या जागी धरून ठेवायला हवे, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते फुगून वेगळे होते. म्हणून सांध्यांवरून पुन्हा धावदोरा, किंवा वीतभर अंतरावर गाठी. एका गटातल्या आजींनी हिशेब एका वाक्यात मांडला : "ताई, हे त दोन खेपा शिवनं झालं. पैसा एकाच खेपेचा कामून?"

व्यापारी दर ठरवतो तो वर दिसणाऱ्या ठिगळांवरून. जोडणी, अस्तर, गाठी, रुई झटकणे, दोरा ओवणे हे सगळे त्याच्या लेखी 'घरबसल्या' होते. जणू घरी बसलेल्या बाईचा वेळ फुकटच असतो! २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायांचे त्यात रोज सरासरी २८९ मिनिटे गेलेली दिसतात, पुरुषांची ८८. शिवणकाम येते ते या २८९ मिनिटांच्या वर.

कापूस वेचणीला आपण किलोवर जातो, तेव्हा काट्यावरची नजर हलवत नाही. इथे काटा नाही, म्हणून घड्याळ लावा. समजा, एका चौकोनाला दीड तास लागला. असे २४ चौकोन म्हणजे ३६ तास. जोडणी, अस्तर, गाठी यांचे १० तास धरा. झाले ४६ तास, म्हणजे आठ तासांचे पावणेसहा दिवस. आता तुमच्या गावात निंदणाचा जो रोज चालतो, त्याने गुणा आणि व्यापाऱ्याचा आकडा शेजारी लिहा.

हे भांडण आपल्या आधी अहमदाबादच्या बायांनी केले आहे. गिरण्यांच्या चिंध्या व्यापाऱ्यांकडून आणून त्या घरी खोळी शिवत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस 'सेवा' संघटनेच्या आधाराने त्यांनी दर वाढवून मागितला. व्यापाऱ्यांनी काम देणेच बंद केले, तेव्हा त्यांनी 'सबीना' नावाची आपली सहकारी संस्था उभी केली. काम बंद होण्याची भीती खोटी नाही, हेही यातून दिसते. एकेकटीने दर मागितला तर व्यापारी पलीकडच्या गल्लीत जाईल.

१९९६ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरी काम करणाऱ्यांसाठी करार क्रमांक १७७ संमत केला. सोबतच्या शिफारशीत वीज, पाणी, अवजारांची देखभाल यांचा खर्च आणि माल निवडण्या-बांधण्याचा वेळ यांचा मोबदला द्यावा, असे म्हटले आहे. भारताने हा करार अजून स्वीकारलेला नाही. तरी यादी करताना ही शिफारस हाताशी ठेवा. आपला अस्तराचा आणि गाठींचा वेळ त्याच जातीचा आहे.

आणखी एक. काम मांडीवर आले, तशा आपण आपापल्या घरात गेलो. दर ठरवायला एकत्र बसायचे कुठे? माझी सूचना अशी की चौकोन घरी शिवा, पण अस्तर लावायला एका ओसरीवर या. शेवटचे काम तसेही एकटीने नीट होत नाही, कापड ताणून धरायला दुसरी लागतेच. त्याच दिवशी वह्या उघडा, प्रत्येकीचे तास लिहा. आणि त्या वहीवर सगळ्यांच्या सह्या-अंगठे होईपर्यंत नमुन्याची गोधडी व्यापाऱ्याच्या हाती देऊ नका.