शिष्य होऊन शेजारी जावं



दर वर्षी 5 नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन येतो आणि सांगलीकरांना विष्णुदास भाव्यांची आठवण होते. 1843 साली याच तारखेला भाव्यांनी श्रीमंत चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांसमोर 'सीतास्वयंवर' सादर केलं. त्याच्या आदल्या वर्षाची हकिकत मात्र तितकी सांगितली जात नाही. उत्तर कन्नड मुलखातल्या कर्की गावची यक्षगानाची मंडळी 1842 साली सांगलीला आली होती. त्यांचा खेळ आप्पासाहेबांनी पाहिला. असं काहीतरी आपल्या भाषेत व्हावं, असं त्यांना वाटलं आणि ते काम त्यांनी भाव्यांवर सोपवलं. मराठी नाटकाला पहिला धडा कन्नड शेजाऱ्यानं दिला तो असा. पुढं मराठी नाटक मंडळ्या धारवाड-हुबळीकडं खेळ करू लागल्या, तेव्हा ते पाहून कन्नड रंगभूमीलाही हुरूप आला. शेजाऱ्याचं देणं शेजाऱ्याकडं परत गेलं.

शेजारी देशांच्या एकोप्याचा विषय निघाला की मला पहिल्यांदा ही गोष्ट आठवते. सरकारं करार करतात, आणि ते करायलाच हवेत. पण एकानं दुसऱ्याच्या ओसरीवर शिष्य होऊन बसल्याशिवाय एकोपा रुजत नाही, असं मला मनापासून वाटतं. याचा पुरावा शोधायला सातारा-सांगलीच्या बाहेर फार जावं लागत नाही.

मिरजेची गोष्ट घ्या. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गाणं शिकायला ग्वाल्हेरला गेले, वासुदेवबुवा जोशांकडं राहिले आणि ग्वाल्हेरची ख्यालगायकी घेऊन परतले. त्यांच्याकडं मिरजेत कुरुंदवाडचा एक मुलगा शिकू लागला. दारू उडवताना त्याचे डोळे दुखावले होते, उपचारासाठी त्याला मिरजेला आणलं होतं. तो मुलगा म्हणजे विष्णु दिगंबर पलुस्कर. अनेक वर्षं मेहनत करून 1896 साली त्यांनी मिरज सोडली, आणि 5 मे 1901 रोजी लाहोरात गांधर्व महाविद्यालय सुरू केलं.

श्रोतेहो, जरा या घटनेपाशी थांबू या. घरंदाज मुलामुलींनी गाणं शिकणं तेव्हा कमीपणाचं मानलं जात होतं. विद्या गुरूच्या मर्जीवर मिळायची, संस्थानिकाच्या आश्रयावर टिकायची. पलुस्करांनी तिला वर्ग दिले, अभ्यासक्रम दिला, परीक्षा दिल्या, छापलेली स्वरलिपी दिली, आणि हे सगळं लोकांच्या पैशावर उभं केलं. कृष्णाकाठी मिळालेली विद्या रावीकाठी शाळेत शिकवली जाऊ लागली. मग मिरजेचेच विनायकराव पटवर्धन लहानपणी लाहोरला जाऊन पलुस्करांपाशी शिकले. ग्वाल्हेरहून मिरजेला आलेलं गाणं शिकायला मिरजेचा मुलगा लाहोरला गेला! पुढं 1947 साली मधे सरहद्द आली. तरीही भारतातल्या गावोगावच्या कितीतरी संगीतवर्गांची वंशावळ मागं मागं शोधत गेलं की ती लाहोरच्या त्या शाळेत पोचते. पलुस्करांनी 21 ऑगस्ट 1931 रोजी देह ठेवला तो मिरजेतच.

मिरजेनं बाहेरच्यालाही आपलं केलं. उत्तरेतल्या कैरानाहून आलेले अब्दुल करीम खाँसाहेब इथं स्थायिक झाले. दक्षिणेचं कर्नाटक संगीत त्यांनी आदरानं ऐकलं आणि त्यातलं काही आपल्या गाण्यात आणलं. कुंदगोळचे सवाई गंधर्व त्यांचे शिष्य झाले. मिरासाहेबांच्या दर्ग्यात खाँसाहेब विसावले आहेत, आणि तिथं आजही त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं.

साताऱ्याकडं वळू या. पंडित सातवळेकरांनी चित्रकार म्हणून काही वर्षं लाहोरात काढली. नंतर औंधला येऊन त्यांनी स्वाध्याय मंडळातून वेद सामान्य माणसाच्या हाती दिले. त्याच औंधचे राजपुत्र आप्पासाहेब पंत 1955 ते 1961 या काळात गंगटोकला भारत सरकारचे प्रतिनिधी होते. सिक्कीम आणि भूतानशी असलेले संबंध त्यांच्याकडं होते. ते तिथं असतानाच, 1958 साली, गंगटोकची तिबेटविद्या संस्था खुली झाली. शेजाऱ्यांचे ग्रंथ जपणं हासुद्धा शेजारधर्मच आहे.

आणि वाई! तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी कृष्णेच्या काठी मराठी विश्वकोशाचं काम उभं केलं. 1976 साली पहिला खंड आला. नेपाळ, भूतान, श्रीलंका, पाकिस्तान, ब्रह्मदेश या सगळ्या शेजाऱ्यांवर विश्वकोशात मराठीतून सविस्तर नोंदी आहेत. शेजारी कोण, कसा, त्याचं पूर्वायुष्य काय, हे आपल्या भाषेत वाचता येणं ही ओळखीची पहिली पायरी आहे.

पुढची पायरी भाषेची. बंगाली शिकलात तर कोलकाता आणि ढाका दोन्हीकडं बोलता येईल. तमिळ चेन्नईला चालते, तशी जाफन्यालाही. नेपाळी दार्जिलिंगची आणि काठमांडूची. उर्दू आपल्या मिरजेतही आहे आणि लाहोरातही. शेजारी देशांच्या भाषा आपल्याच देशात बोलल्या जातात, ही केवढी सोय आहे! जत तालुक्यात तर मराठी आणि कन्नड शाळा शेजारी शेजारी नांदतात. दोन भाषांत वाढणं म्हणजे काय, हे तिथल्या मुलांना वेगळं शिकवावं लागत नाही.

म्हणून माझी विनंती साधी आहे. आपल्या दोन जिल्ह्यांतल्या प्रत्येक महाविद्यालयानं अशा एका भाषेचा वर्ग चालवावा. गावच्या वाचनालयानं शेजारी देशांच्या साहित्याला एक कपाट द्यावं. संगीतसभेत एखाद्या वर्षी ढाक्याचा किंवा काठमांडूचा कलावंत बोलवावा, आणि गाणं झाल्यावर आपल्या मुलांना त्याच्यापाशी बसवावं. कर्कीच्या मंडळींचा खेळ एका संध्याकाळी सांगलीत कुणीतरी मन लावून पाहिला, एवढ्यावरच तर मराठी रंगभूमी सुरू झाली.