आधी फेऱ्या मोजा



फॉर्म्युला वन म्हणजे काय, पोल पोझिशन कशाला म्हणतात, हे सांगण्यात वेळ घालवत नाही. ते इथे पुढच्या रांगेत बसलेली शाळकरी मंडळीही सांगतील. (हशा) मोसमाआधीच्या चाचण्यांबद्दल मला जे ठामपणे वाटतं, तेवढंच मांडतो.

चाचण्या संपल्या की एक तक्ता छापून येतो. सर्वांत वेगवान फेरी कोणाची, कोण किती मागे. त्यावरून लोक वर्षाचा विजेता ठरवून मोकळे होतात. त्याच तक्त्यात शेवटी एक रकाना असतो, कोणी किती फेऱ्या मारल्या याचा. माझं म्हणणं आहे, आधी तो वाचा.

टाकीत इंधन किती होतं, हे त्या संघाखेरीज कोणालाच ठाऊक नसतं. बार्सिलोनाच्या ट्रॅकवर दहा किलो इंधन जास्त असलं, तर एका फेरीला साधारण तीन दशांश सेकंद जादा लागतात. शर्यत सुरू होताना टाकीत शंभर किलोच्या आसपास इंधन असतं. म्हणजे भरलेल्या आणि रिकाम्या टाकीत तीन सेकंदांचं अंतर पडतं, आणि आपण वाद घालतो सहस्रांशावरून! २०१९ साली बार्सिलोनात फेटेलची फेरारी हॅमिल्टनच्या मर्सिडीजच्या ०.००३ सेकंद पुढे होती. यंदा फेरारीच, असं बहुतेकांनी ठरवलं. पुढे पहिल्या आठही शर्यती मर्सिडीजने जिंकल्या. त्या चाचण्यांत सर्वांत जास्त फेऱ्या कोणाच्या होत्या? मर्सिडीजच्या! (टाळ्या) नेटमध्ये मारलेले षटकार धावफलकावर लागत नाहीत.

आता हेरेझबद्दल थोडं सांगतो. दक्षिण स्पेन, जानेवारी २०१४. त्या वर्षी आठ सिलिंडरची इंजिनं गेली आणि सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन आलं, जोडीला दोन विद्युत मोटर. पहिल्या दिवशी गाड्या गॅरेजबाहेर पडेनात. पडल्या त्या बंद पडू लागल्या. सगळ्या संघांच्या मिळून दिवसभरात ९३ फेऱ्या झाल्या! हॅमिल्टनने १८ केल्या, तोच पुढचा विंग तुटला आणि गाडी अडथळ्यावर गेली. रेड बुल म्हणजे लागोपाठ चार वर्षांचे विजेते. त्यांच्या गाडीत रेनॉचं इंजिन तापायचं, धूर निघायचा, गाडीची आवरणं पुन्हा पुन्हा उघडावी लागायची. चार दिवसांत त्यांच्या २१ फेऱ्या झाल्या. पहिल्याच दिवशी आदळलेल्या मर्सिडीजच्या किती? ३०९. तिथली फेरी ४.४२८ किलोमीटरची आहे. हिशेब करा: एकीकडे तेराशे साठ किलोमीटरहून जास्त, दुसरीकडे जेमतेम त्र्याण्णव.

आणि त्या चार दिवसांतली सर्वांत वेगवान फेरी? ती मॅक्लारेनच्या केविन मॅग्नुसेनची. मेलबर्नच्या पहिल्या शर्यतीत मॅक्लारेनला दुसरा आणि तिसरा क्रमांक मिळाला, तेही रिकार्डोची रेड बुल अपात्र ठरल्यावर. त्यानंतर वर्षभरात पहिल्या तिनांत एकदाही नाही. मर्सिडीजने १९ पैकी १६ शर्यती जिंकल्या.

मागून कोणीतरी म्हणालं, रेड बुल त्या वर्षी दुसरे आले. आले, मान्य. उरलेल्या तीन शर्यती त्यांच्याच. हेरेझनंतर बाहरीनमध्ये आणखी आठ दिवस मिळाले आणि मोसमात गाडी सावरली. पण मर्सिडीज काही हाती लागली नाही. पुढच्याच वर्षी मॅक्लारेन-होंडाने हेरेझला चार दिवसांत ७९ फेऱ्या केल्या आणि मोसमाअखेर संघ नववा आला. याचं काय?

हं, ब्रॉन संघ. हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. (हशा) डिसेंबर २००८ मध्ये होंडाने माघार घेतली. त्यांच्या उरलेल्या मंडळींची ही ब्रॉन गाडी थेट मार्च २००९ मध्ये ट्रॅकवर उतरली आणि लगेच सर्वांत वेगवान ठरली. वजन कमी ठेवून दिखावा चालला आहे, अशी शंका तेव्हा घेतली गेली. त्यांचा चालक बटनने पहिल्या सातपैकी सहा शर्यती जिंकल्या आणि चालकाचं व संघाचं, दोन्ही विजेतेपदं त्यांनाच मिळाली. घड्याळ खरं ठरलं, कबूल. पण २००१ मध्ये प्रोस्ट संघाची गाडीही चाचण्यांत अशीच चमकली होती. वर्षभरात गुण मिळाले ४ आणि २००२ च्या सुरुवातीला संघच बंद पडला. दोन्ही तक्ते शेजारी ठेवा आणि नुसत्या घड्याळावरून सांगा, यातला खरा कोणता. नाही सांगता येणार. माझा आक्षेप एवढाच आहे.

चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरली. पण वेग कसा पारखायचा हे सांगितल्याशिवाय खाली बसणार नाही. लागोपाठच्या पंधरा-वीस फेऱ्यांच्या वेळा घ्या. दर फेरीला दीड किलोच्या आसपास इंधन जळतं, म्हणून गाडी प्रत्येक फेरीत सुमारे पाच शतांश सेकंदाने वेगवान व्हायला हवी. वेळ जागच्या जागी राहिली, तर तेवढं टायरांनी खाल्लं. वेळ वाढत गेली, तर ती गाडी टायर फार लवकर संपवते आहे. सुरुवातीला टाकी किती भरलेली होती हे माहीत नसलं, तरी हा उतार लपत नाही. मात्र त्यासाठी गाडीने न थांबता वीस फेऱ्या पूर्ण करायला हव्यात. म्हणजे वेगाची पारखही टिकाऊपणावरच येऊन थांबते.

अलीकडे बहुतेक वर्षी चाचण्यांना तीनच दिवस मिळतात. रात्रभर गाडी खोलून पुन्हा जोडणाऱ्या मेकॅनिकांची मेहनत वेगवान फेरीच्या मथळ्यात दिसत नाही, फेऱ्यांच्या संख्येत दिसते. २०१० मध्ये हिस्पानिया संघ एकही चाचणी न करता बाहरीनला पोहोचला. आपला करुण चंडोक त्या गाडीत पहिल्यांदा बसून ट्रॅकवर गेला तो थेट पात्रता फेरीत. शर्यतीत दुसऱ्याच फेरीला गाडी आदळली. निकालात फक्त त्याचं नाव लागलं, पण त्याला सरावाची एकही फेरी मिळाली नव्हती. चालकाला नावं ठेवण्याआधी हे बघायला शिकूया, एवढीच विनंती करतो. (टाळ्या)